मागचं डावं चाक

माझ्या नोंदवहीत एकही खोटी नोंद नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. सोसायटीत माझ्याबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने खोटी नोंद केली, असं कोणाचं म्हणणं असेल तर त्याने येऊन वही बघावी. वही दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी ठेवली आहे.

वही आमच्या ट्रकची. लष्कराने भरपूर वापरून, दमवून, शेवटी लिलावात काढलेला सहाचाकी हिरवा ट्रक. तो मी का घेतला, हे मला बायकोने, सोसायटीच्या सेक्रेटरींनी, ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी आणि रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांनी विचारून झालं आहे, तेव्हा तो विषय आपण सोडून देऊ. एवढंच सांगतो, की माझा मामा लष्करात ड्रायव्हर होता. बावीस वर्षं त्याने अगदी असाच ट्रक चालवला. आमच्याकडे राहायला आल्यापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा आणि संध्याकाळी आकडा सांगायचा. पुढे पुढे आकडा सांगणंही बंद झालं, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. ट्रक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली हजर होता. त्या दिवसापासून खुर्ची रिकामी आहे.

ट्रकबरोबर एक चारशे पानी माहितीपुस्तक मिळालं. पानं सुटी, कडा कुरतडलेल्या, ग्रीसचे डाग. ट्रक मामाचा, पण पुस्तक माझं, हे मी बघताक्षणी ठरवलं. तीन रविवार बसून मी ते दुरुस्त केलं. खळ स्वतः शिजवली, फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या, शिवलं, पुठ्ठा चढवला. मग पानं मोजली. एकशे बारा नंबरनंतर एकदम एकशे पंधरा. नियमाप्रमाणे मी पहिल्या पानावर शेरा मारला : 'पान ११३ व ११४ ताब्यात घेतेवेळी गहाळ.' खाली सही आणि तारीख. हा शेरा तुम्ही लक्षात ठेवा. मी तो विसरायच्या प्रयत्नात आहे.

त्या पुस्तकात लिहिलं होतं, की गाडीची तपासणी रोज तीनदा करावी. हलण्यापूर्वी, हलताना आणि हलल्यानंतर. तपासणीची नोंद वहीत करून तीवर कमांडरची सही घ्यावी. मी वही आखली. ट्रक मुळात हलतच नसल्यामुळे मधल्या रकान्यात मी रोज 'निरंक' लिहीत असे. प्रश्न फक्त कमांडरचा होता. सकाळी सहा वाजता घरात जागं असणारं तिसरं माणूस म्हणजे बायको, म्हणून ते पद तिच्याकडे गेलं. मला वाटलं होतं, ती न वाचता सही करेल. आमच्या ऑफिसात सगळे तसंच करतात.

"ऑइल तपासलं लिहिलंय," ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

"तपासलं."

"हात दाखवा."

मी हात दाखवले. ते स्वच्छ होते. वही तशीच परत आली, आणि खाली जाऊन ऑइल खरोखर तपासून आल्यावरच सही मिळाली.

मामाला ही बाई फार आवडली. म्हणजे आधीही आवडायचीच, पण आता तो तिला बघून उठून उभा राहायला लागला.

सेक्रेटरींची कटकट वेगळी होती. सोसायटीच्या नियमाप्रमाणे आवारातल्या प्रत्येक वाहनाची एक जादा किल्ली वॉचमनकडे हवी. मी कळवलं, की लष्करी ट्रकला किल्ली नसते, नुसता खटका असतो. लढाईत कोणी किल्ली शोधत बसत नाही. त्यावर त्यांचं उत्तर आलं, की मग खटक्याची प्रत जमा करावी. मी विचारलं, प्रत म्हणजे काय? त्यांनी कळवलं, की हा विषय पुढच्या बैठकीत घेण्यात येईल. हा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे तारीखवार लावलेला आहे.

तर पाच आठवड्यांत मामाने त्या ट्रकमध्ये जीव आणला. बॅटऱ्या बदलल्या, टाकीतून गाळ काढला, पंप उघडून पुन्हा बसवला. मी शेजारी उभा राहून पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचो आणि मामा "बरं बरं" म्हणत त्याला हवं तेच करायचा. एका शनिवारी दुपारी इंजिन धडधडून चालू झालं. समोरच्या इमारतीतले लोक गच्चीवर आले. मामा हसला नाही, नुसता बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि मला एकदम भरून आलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "ते मागचं चाक बसलंय का हो?"

मागच्या डाव्या चाकातली हवा पूर्ण गेली होती. ते चाक नेमकं कुठे होतं, ते सांगायला हवं. ट्रक ओढून आणणाऱ्याने तो कुंपणाला लागून सोडला होता आणि मागचं डावं चाक बरोब्बर पाण्याच्या व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणावर आलं होतं. त्या व्हॉल्व्हवर आमच्या तिन्ही इमारतींचं पाणी. तो अर्धवट उघडा राहिल्यामुळे सहा आठवडे वरच्या मजल्यांना करंगळीएवढी धार येत होती. वरचे लोक जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता जायचे. खालचे मात्र फार प्रेमाने बोलायचे.

सोमवारी मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी तो म्हणाला, "छोट्या, चाक मी आल्यावर बघू." माझं वय छप्पन्न आणि वजन ब्याण्णव किलो आहे, पण मामाला हे कोण सांगणार? मी म्हणालो, "तू काळजी करू नको. चाक काय, मी बदलतो." त्याला घरी आल्यावर बरं वाटावं म्हणून रविवारी मी डाव्या बाजूची तिन्ही चाकं नटांसकट हिरव्या रंगाचे दोन हात देऊन चकचकीत केली. हाही तपशील लक्षात ठेवला तर बरं. सोमवारी दुपारी मामाला घेऊन घरी आलो. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात आधीपासूनच धुकं. डॉक्टरांनी बजावलं होतं : आठवडाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही आणि कसलंही टेन्शन नको.

आणि दारात पाणीखात्याचा माणूस नोटीस घेऊन उभा.

नोटिशीत लिहिलं होतं, की सदर जागी हिरव्या रंगाचे एक लोखंडी तात्पुरते बांधकाम आढळून आले असून (छत : ताडपत्री, खोल्या : दोन) ते पाडून टाकण्यात येईल. भाषा उत्तम होती. शेजारी मामा नसता तर मी दादही दिली असती. मामाला आत झोपवून मी बाहेर आलो.

"अहो, हा ट्रक आहे," मी हळू आवाजात म्हणालो.

"साहेब, ट्रक हलतो. हे सहा आठवड्यांत हललेलं नाही. न हलणाऱ्या वस्तूला आमच्याकडे एकच फॉर्म आहे."

"हलवून दाखवला तर?"

"तर वाहन. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पण स्वतःच्या इंजिनावर हं. ढकलून टपरीही हलते." मग तो चाकाजवळ उकिडवा बसला. "आणि असाच ओढू नका. झाकण फुटलं तर खाली व्हॉल्व्ह आहे. आधी चाक बदला. नाहीतर सोमवारी गॅस कटर घेऊन येतो." माणूस वाईट नव्हता. जाताना मामाच्या डोळ्याची चौकशी करून गेला.

म्हणजे एक चाक बदलायचं, एवढाच प्रश्न होता. मामाला नोटिशीबद्दल काही सांगायचं नाही, असं मी आणि बायकोने ठरवलं. मी आठवड्याची रजा टाकलेलीच होती. मामाची पेटी उघडली, पान्हा काढला, पुस्तकाचं एकशे बारावं पान उघडलं. 'चाकाचे नट सैल करण्यासाठी पान्हा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा.' दहा नट. मी पहिल्याला पान्हा लावला आणि घड्याळाच्या उलट दिशेने जोर दिला. नट हलला नाही. दुसरा नाही. दहाही नाहीत. मी पान्ह्यावर उभा राहिलो. ब्याण्णव किलो. तरीही नाही.

त्या संध्याकाळी मामाने हाक मारली. रोज संध्याकाळी तो वही तपासायचा, आता दिसत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवायची. मी पलंगाशी बसून वही उघडली.

"चाक झालं?" मामाने विचारलं.

त्याच्या डोळ्यावरची पट्टी, टेकलेली उशी, चेहऱ्यावरची उत्सुकता हे सगळं मी बघितलं. मग वहीकडे बघून शांतपणे वाचलं, "मागचे डावे चाक बदलले. वेळ : पस्तीस मिनिटे."

"पस्तीस?" मामा म्हणाला. "एकट्याने?"

"एकट्याने."

"आणि डावं?"

"डावंच."

मामाने उशी सारखी केली. मग म्हणाला, "शाब्बास. पहिल्यांदा करणाऱ्याला ते जमत नाही."

आता नीट लक्ष द्या. वहीचं पान कोरं होतं. मी खोटी नोंद केली नाही, मी कोरं पान वाचलं. हा फरक बारीक आहे, पण आमच्या खात्यात अशा फरकांवर लोकांच्या बढत्या अडकतात. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे जे बघितलं, त्याची नोंद कुठेही केलेली नाही.

पण पंचाईत अशी झाली, की अख्ख्या सोसायटीत ज्या एका माणसाला हे काम येत होतं, त्यालाच आता विचारता येईना. चाक तर सोमवारीच पस्तीस मिनिटांत बदलून झालं होतं.

मंगळवारी सेक्रेटरी आले. ते आले म्हणजे पाहणी करायला आले. पंधरा मिनिटं पाहणी करून म्हणाले, "गंज." मग रॉकेलमध्ये फडकं भिजवून दहा नटांना बांधण्यात आलं. बुधवारी तळमजल्यावरचे ड्रिल मास्तर आले. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. "जोर एकदम लागला पाहिजे," ते म्हणाले. "एक माणूस म्हणजे कवायत नाही." त्यांनी वरच्या मजल्यांवरून सहा जणांना बोलावलं. पाणी येत नसल्यामुळे ते लगेच आले. पान्ह्याच्या दांड्याला दोरी बांधून रांग करण्यात आली. मास्तर शिट्टी वाजवायचे, सगळे ओढायचे. शेवटी एकदा पान्हा जरासा हलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आला!" मास्तर म्हणाले.

तो येत नव्हता, आणखी आत जात होता. पण हे तेव्हा आम्हा आठ सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आत मामाने विचारलं, "शिट्टी कसली?"

"मास्तरांनी सोसायटीत व्यायामाचा वर्ग काढलाय," बायको म्हणाली. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि त्याचा हिशेब पुढे कधीतरी होणार, हे तिच्या आवाजात ऐकू येत होतं. संध्याकाळी मी पुन्हा वही वाचली. टायरमधील हवा योग्य. नट घट्ट. त्यातलं नट घट्ट तेवढं खरं होतं.

गुरुवारी समोरचे दातांचे डॉक्टर आले. "ओढताय कशाला?" ते म्हणाले. "आम्ही दात ओढत नाही. आम्ही तो सैल करतो, मग तो आपण होऊन येतो." त्यांनी बाही सारून प्रत्येक नट हातोडीने हळुवार ठोकला, कान लावून ऐकला आणि सातव्यापाशी थांबून म्हणाले, "हा दुखावलाय." मी मान डोलावली. मीही दुखावलो होतो, पण मला कोणी विचारलं नाही. शुक्रवारी सेक्रेटरींनी बांधकामावरून पाच फुटी पाइप आणला. तो पान्ह्याच्या दांड्यावर सरकवला की जोर पाचपट, असं त्यांचं गणित. गणित बरोबर होतं. नट अजून घट्ट झाले.

शनिवारी सकाळी दहा वाजता पाइपाच्या टोकाला आम्ही चौघं लोंबकळत होतो. मास्तरांनी शिट्टी वाजवली, डॉक्टर म्हणाले, "आता येतोय, आता येतोय," आणि काड्कन आवाज झाला. सातव्या नटाचा स्टड, म्हणजे ज्या आट्यांच्या दांड्यावर नट बसतो तो, मोडून आमच्या पायाशी पडला. चौघंही एकमेकांवर पडलो. डॉक्टर उठून कपडे झटकत म्हणाले, "मूळ आत राहिलंय."

मी पायाशी पडलेला तो तुकडा बघत होतो. पाच वाजता पाणीखात्याचा माणूस येणार होता. सोमवारी गॅस कटर. आणि मंगळवारी मामा पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत. माझी अब्रू केवढी आणि ती खुर्ची केवढी, याचा हिशेब मी तिथेच केला आणि वही घेऊन आत गेलो.

मामा पलंगावर ताठ बसला होता.

"स्टड मोडला ना?"

"हो."

"आजचं पान वाच."

"कोरं आहे, मामा."

"कालचं?"

"तेही कोरं."

"सोमवारपासून?"

"सोमवारपासून." मग मी त्याला सगळं सांगितलं. नोटीस, शनिवार, कटर, दोरी, पाइप. सांगताना माझा आवाज लहानपणी व्हायचा तसा झाला. मामा नोटिशीपाशी एकदम गंभीर झाला होता. मग त्याने विचारलं, "पान्हा कुठल्या बाजूला फिरवताय?"

"घड्याळाच्या उलट. पुस्तकात लिहिलंय."

मामाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्याला काही होतंय. मग बघतो तर तो पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरून हसत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं, मी थापा मारतोय?" मी विचारलं.

"पस्तीस मिनिटं म्हणालास तेव्हाच. मला स्वतःला पहिल्या वेळी दोन दिवस लागले होते. दोन स्टड मोडले आणि शिक्षा म्हणून टायर डोक्यावर घेऊन मैदानाला चकरा मारल्या. म्हटलं, तू आपण होऊन सांगशील. घाई काय आहे? घाई आहे, हे कुठे माहीत होतं मला!"

मग तो उठला. बायकोने त्याला काळा चष्मा चढवला, एक हात धरला, दुसरा मी. वाकायला बंदी होती, म्हणून चाकाशेजारी स्टूल ठेवलं. मामाने हात पुढे करून एका स्टडचं टोक चाचपलं आणि नखाने माझा हिरवा रंग खरवडला. दोन थर गेल्यावर खाली ठोकलेली खूण निघाली. प्रत्येक स्टडवर होती.

"हे सगळे उलट्या आट्यांचे आहेत. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून डाव्या बाजूला उलटे असतात," मामा म्हणाला. "आता घड्याळाच्या दिशेने. आणि ज्यांनी आवळलेत, त्यांनाच बोलवा."

सगळे आलेच होते. मास्तरांनी शिट्टी वाजवली, पण जरा हळू. पाच दिवसांचा आमचा सगळा जोर त्या नटांमध्ये जमा होता आणि तो आम्हालाच परत काढायचा होता. दुपारी तीन वाजता नववा नट सैल झाला. जॅकवर ट्रक उचलला, नट काढून स्टेपनी बसवली. "नऊ पुरतात," मामा म्हणाला.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून माहितीपुस्तक घेऊन आली. एकशे बारावं पान तिला जाड लागलं, म्हणून तिने ते किटलीच्या वाफेवर धरलं होतं. माझ्या पट्टीची खळ सुटली आणि एकशे तेरा, एकशे चौदा सुखरूप बाहेर आली. लाल चौकटीत लिहिलं होतं, 'सावधान : डाव्या बाजूच्या चाकांचे नट'. पुढचं मी वाचलं नाही. तिने फक्त पहिलं पान उघडून माझ्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना पाणीखात्याचा माणूस टेप घेऊन आला. मामाला दिसत नव्हतं, म्हणून स्टिअरिंगवर मी. शेजारच्या सीटवर मामा, मांडीवर वही. समोर हात वर करून कमांडर उभी. मी खटका दाबला, इंजिन धडधडलं.

"क्लच पूर्ण दाब," मामा म्हणाला. "पहिला टाक. नाही, तो तिसरा. हां. आता गाडीचं ऐक. सोड हळूहळू. अजून. आता."

ट्रक हलला. मी सांगतो, पंचवीस वर्षं मी स्कूटर चालवली, एकदा सेक्रेटरींची मोटारही चालवली, पण एवढं मोठं काही माझ्या हातून हललेलं मला आठवत नाही. मामाची मान एका बाजूला कलली होती आणि तो कानाने गाडी चालवत होता. बायकोने हात खाली केला, मी ब्रेक मारला. मागे पाणीखात्याच्या माणसाने झाकण उचलून व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आणि वरच्या तिन्ही गच्च्यांवरून एकदम ओरडा झाला. मग त्याने टेप लावून अंतर मोजलं. "अकरा फूट," तो म्हणाला आणि फॉर्मवरचं 'बांधकाम' खोडून वर 'वाहन' लिहिलं. खाडाखोडीवर त्याने सही केली नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण मी बोललो नाही. सेक्रेटरी म्हणाले, "किल्लीचं बघून घेऊ कधीतरी."

संध्याकाळी मामा पलंगावर टेकून बसला. मी वहीत सोमवारपासूनचं एकेक पान खरं खरं लिहून काढलं, दोरीसकट, शिट्टीसकट. शेवटच्या पानावर अडलो.

"मामा, अंतराचा रकाना किलोमीटरचा आहे. अकरा फूट कसे बसवायचे?"

"मग रकान्याबाहेर लिही."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी रकान्याबाहेर लिहिलं. बायकोने माझे हात बघितले. ते कोपरापर्यंत काळे होते. तिने सही केली.

"वाच आता," मामा म्हणाला.

"मागचे डावे चाक बदलले. वेळ : पाच दिवस, तीन तास. हलताना तपासणी : केली. अंतर : अकरा फूट."

"हां," मामा म्हणाला. "आता खरं वाटतं." त्याने डोकं उशीवर टेकलं. मला वाटलं, झोपला. मी वही मिटून उठायला लागलो, तर त्याने माझं मनगट धरलं.

"छोट्या, ते अकरा फूट परत एकदा वाच."